फॉर्मॅलिनमधले चाळीस भुंगेरे

जलपर्णी खाणारे भुंगेरे मी एकवीस वर्षं पोसले. माझ्या थोरल्या भावाची होडी ज्या तळ्यावर चालते, ते त्यांनी एकदा पार साफ केलं होतं. जलपर्णी संपली तसे तेही उपाशी मेले. गाळातलं बी मात्र जिवंत होतं, ते पुन्हा फुटलं. आता भुंगेरे उरले होते फक्त आमच्या संस्थेच्या पिंजऱ्यात, आणि तिथे बुरशी शिरली.

शेवटचे चाळीस राहिले, तेही वाचणार नव्हते. निदान नमुने म्हणून जपायचे ठरलं, तेव्हा लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात किड्यांचे डीएनए वाचते. "बाबा, स्पिरिटमध्येच टाका. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचा चुथडा होतो." सूर असा, जणू मी कालच नोकरीला लागलोय. जिचं नाक मी पुसलं, ती मला बाटल्या शिकवणार? चाळीसच्या चाळीस मी फॉर्मॅलिनमध्ये बुडवले. त्यात पाय कसे ताठ राहतात. लेबलही झोकात लिहिलं.

आता संस्थेच्या साहेबांना तेच भुंगेरे परत आणायचेत. ते मुळात परदेशातले, पण कुठल्या नदीवरून आणले याची नोंद नाही. तिथे सात नद्यांवर सात प्रकार आहेत. भिंगाखाली सगळे सारखे, पण आपली जलपर्णी फस्त करणारा एकच. तो कोणता, हे त्या चाळिसांचा डीएनए सांगणार होता. लेकीने एकेक तपासला. एकही वाचता आला नाही. आता सातही प्रकार आणून पारखायचे म्हणजे सहा-सात वर्षं गेली, आणि दादाने सत्तरी ओलांडलीय. झाकण काढताच तिला फॉर्मॅलिनचा वास आला असणार. तरी अहवालात तिने 'नमुने जुने असल्याने निकामी' एवढंच लिहिलं. जुने कसले डोंबलाचे. बापाची अब्रू झाकली पोरीने.

दादाला सांगायला तळ्यावर गेलो. होडी जलपर्णीत रुतली होती, तो विळ्याने वाट कापत होता.

"काय रे किड्या, कधी येतायत तुझे पाहुणे?"

मी सगळं सांगितलं, फॉर्मॅलिनसकट. सांगताना रडलोही. त्याने विळा पाण्यात बुचकळून धुतला.

"पोरीने आधी बजावलं होतं?"

"हो."

"मग माझ्यापुढे काय रडतोस? चुकलं म्हणून तिला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. दादाने हे विचारलं त्याला चार महिने झाले. रोज फोन होतो, जेवणाखाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो.