एकोणिसावे कडवे

आयुष्यभर जिवापाड जपलेले काही हातून निसटू लागले की माणूस मूठ अधिकच आवळतो. ती मूठ उघडायला वेगळे धैर्य लागते. सोआझपाशी ते अजून नव्हते. सभागृहाच्या कोपऱ्यातल्या लाकडी चौथऱ्याच्या पायऱ्या ती चढत होती, आणि काटेल मागून तिला हात देत होती.

"ढकलू नकोस गं. बटाट्याची गोणी नाही मी."

"गोणी बरी. ती बडबडत तरी नाही."

खाली गावातली शंभरएक माणसे हातात हात गुंफून वर्तुळात उभी राहिली होती. स्वयंपाकघरातून काळसर पिठाच्या धिरड्यांचा आणि तापल्या लोण्याचा वास येत होता. वाद्य एकही नव्हते. या नाचाला दोन कंठ पुरतात. एकीने ओळ गायची. तिची शेवटची तीन अक्षरे उरली की दुसरीने त्यांत आपला आवाज मिसळायचा आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची. तिच्या शेवटच्या अक्षरांवर पहिलीने पुढची ओळ उचलायची. मध्ये श्वासाइतकीही फट राहता कामा नये. फट पडली की पावले थांबतात, आणि तसे या गावात कधी घडले नव्हते.

एकतीस वर्षे ओळ उचलत आली ती सोआझ, आणि परतवत आली ती काटेल. विहिरीवर जाणाऱ्या मुलीचे हे चोवीस कडव्यांचे गाणे सोआझला आईकडून मिळाले होते, आणि त्यातला एक शब्दही तिने कुणाला हलवू दिला नव्हता. पण गेली दोन वर्षे शब्द तिच्यापासून दूर जाऊ लागले होते. आज सकाळी चुलीपाशी गाणे म्हणताना ती दोनदा अडखळली. हात पुसता पुसता तिने मनाशी ठरवून टाकले: आज लोकांसमोर अडले, तर पुन्हा या चौथऱ्यावर चढायचे नाही. काटेललाही ती हे बोलली नव्हती.

तिने पहिली ओळ उचलली. वर्तुळ हलले, जमिनीच्या फळ्या एका तालात वाजू लागल्या. पाच कडवी झाली, बारा झाली, अठरा झाली. काटेल अठराव्याची शेवटची ओळ परतवत होती. सोआझने तोंड उघडले, आणि आत काहीच नव्हते.

तिची बोटे काटेलच्या बाहीत रुतली. काटेलने मान वळवली नाही. ओळ संपली, आणि श्वास न घेता तिनेच पुढची उचलली:

विहीर खोल गेली, दोर आखूड पडला,

सोआझचा आवाज आपोआप त्या शेवटच्या अक्षरांवर जाऊन टेकला आणि ओळ परतवू लागला.

शेजारणीने सोडली एप्रनची नाडी,
दोराला बांधली, पाणी वर आले.

एकही पाऊल चुकले नाही. विसावे कडवे सोआझला आपसूक आठवले, आणि गाणे सुखरूप शेवटाला गेले.

खाली उतरल्यावर दोघी सफरचंदाच्या सायडरचे पेले घेऊन भिंतीकडेच्या बाकावर बसल्या.

"ते कडवं आईचं नव्हतं," सोआझ म्हणाली.

"नव्हतंच."

"मग आणलंस कुठून?"

"मलाही खरं आठवेना. काय करू मग? समोर तो टपालवाला एक पाय उचलून उभा. पाडू त्याला?"

"एकतीस वर्षांत एक शब्द बदलू दिला नव्हता मी तुला."

"म्हणून तर साठलं होतं."

सोआझला हसू आवरेना, पेला हिंदकळला.

तेवढ्यात शाळेतला मास्तर ग्वेनाएल वही घेऊन लगबगीने आला. गावोगावची जुनी गाणी तो उतरवून घेत असे.

"सोआझमावशी, ते एप्रनच्या नाडीचं कडवं! माझ्या एकाही वहीत नाही हो. फार जुनं असणार. तुमच्या आईंकडून आलं ना?"

काटेल आपल्या पेल्यात माशी शोधू लागली.

नुसती मान हलवली असती तरी भागले असते. सोआझ क्षणभर मास्तरच्या पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत राहिली.

"हिला विचार," ती म्हणाली. "हिचं आहे ते. आजचं आहे."

"आजचं?" मास्तरचा हात थबकला. "म्हणजे मग… लिहू की नको?"

"लिही की. आणि ही सांगेल तसंच लिही."

काटेलने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेतली थट्टा केव्हाच विरली होती.

पुढच्या नाचाची हाक आली. सोआझने पेला बाकाखाली ठेवला.

"हे तू उचल. मी परतवते."

"जमेल तुला? आधी दुसरीचं ऐकायचं असतं त्यात."

"शिकेन की. वय काय झालंय माझं?"

दोघी पुन्हा चौथऱ्यावर चढल्या, आणि वर्तुळ जुळले. त्या दोघींना एकमेकींचा श्वास असाच पुरत राहो, आणि त्यांच्या आवाजावर विसंबलेल्या पावलांत कधी खंड न पडो.