तार आपोआप चढत नाही

दोन महिने ओरडून सांगतेय, माझ्यात खोट नाही. एकानं विश्वास ठेवला असेल तर शपथ! मी मंगळवार पेठेतल्या क्रांतीची गिटार बोलतेय. मला तोंड आहे, चांगलं गोल, पोटावरच.

दुकानात वर्षभर लटकले. येईल तो टिंगटिंग करायचा, निघून जायचा. क्रांतीनं घरी आणलं तेव्हा वाटलं, सुटले. कसली सुटते! पोरगी उठली की स्केल. सा पासून वर, परत खाली. मग एकेक कॉर्ड सुटी करून तारेमागून तार, मानेवरच्या पहिल्या फ्रेटच्या पट्टीपासून बाराव्यापर्यंत. तिची बोटं सोलली, माझी मान अवघडली. रविवारी परीक्षा ना!

राजारामपुरीतल्या क्लासात मात्र रोज फजिती. बाकीच्या गिटारी एका सुरात, मी अर्धा सूर वर. शहजाद सर खुंट्या पिळून मला खाली आणायचे. दुसऱ्या दिवशी मी परत वर.

"पोरी, ही गिटारच बाद हाय. दुसरी आण, न्हायतर परीक्षेला बसू नको."

घरी आई म्हणाली, "दे जा भंगारवाल्याला. डोकं उठलंय नुसतं."

अहो, तार आपोआप उतरते. आपोआप चढत नाही! एवढंही कुणाच्या डोक्यात येऊ नये?

शनिवारी क्रांती आंघोळीला गेली आणि तिचे आजोबा आले. भजनी मंडळाचे पेटीवाले, पेठेत मोठा मान. रोजच्यासारखी त्यांनी पेटीची काळी एक दाबून धरली आणि माझ्या खुंट्या पिळायला घेतल्या. पिळतायत, पिळतायत... तटकन तार तुटली.

क्रांती ओल्या केसांनी धावत आली. "आजोबा! खुंटीला हात कुणी लावला?"

"मीच की! रोज लावून ठेवतोय. तुझा सा पांढरी एकला असतोय, मी अर्धा सूर चढवून काळी एकला आणतोय, आमच्या भजनाच्या पट्टीत. मंडळात हसतील की तुला!"

"अवो, गिटारचा क्लास हाय, भजनी मंडळ न्हाय ते! दोन महिनं शिव्या खातोय मी!"

"मग तार कशी तुटली? हलक्यातली हाय ती."

बघा! अजून मीच हलकी.

आता नवी तार बसलीय. क्रांतीची बोटं पुन्हा वरखाली पळतायत, थांबेनात. उद्या परीक्षा, आणि आतल्या खोलीत पेटीचा भाता परत हललाय. परीक्षक साहेब, हात जोडते, उद्या सूर चढलेला निघाला तर पोरीचे मार्क कापू नका, मलाही बोल लावू नका. त्या म्हाताऱ्याचं नाव कागदावर लिहा. सांगते, नीट लिहून घ्या.

गणपतराव.