सासूबाईंनी बसवलेला लेगगार्ड

सासूबाईंशी माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाई फटकळ, आणि मीही काही कमी नाही. साकीनाक्याला ग्रिलं बनवायच्या वर्कशॉपात त्या वेल्डिंग करायच्या. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. बाईमाणूस वेल्डिंग करतंय म्हटल्यावर लोक हातातला चहा ठेवून बघायला यायचे. मी म्हणायचो, दोन सळ्या चिकटवायच्या, त्यात काय एवढं!

बायको, शकु, पंधरा दिवस माहेरी होती. तिला आणायला मी नवी कोरी येझदी मोटरसायकल घेऊन ऐटीत गेलो. सासूबाई दारातच उभ्या.

"जयभीम, जावईबापू. गाडी झ्याक हाय. पर शकु हिच्यावर बसणार न्हाई."

कारण मला ठाऊक होतं. सासरे धोंडिराम मोटरसायकलवरून घसरले, गाडी पायावर पडली, पाय पार चेचला. तीन महिन्यांत माणूस गेला. म्हणून मी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी दुकानातून चकचकीत लेगगार्ड घेऊन हजर झालो. पाय वाचावा म्हणून इंजिनापुढे लावतात तो पाइप. बाईंनी तो गुडघ्यावर ठेवून दाबला आणि तो वाकला! माझं तोंड बघण्यासारखं झालं.

"ह्यो पाय वाचवनार व्हय? मी करते. आठ दिस थांबा."

आठ दिवस! स्वतःच्या बायकोला घरी न्यायला! मी तणतणत परत गेलो.

त्यानंतरच्या रविवारी सासूबाईंच्या खोलीसमोर त्यांनी केलेला जाड गार्ड तयार होता. पाइपात वाळू ठासून भरायची, तो लाल होईपर्यंत तापवायचा, मग वाकवायचा, म्हणजे कुठे चेपत नाही, असं शकुनं सांगितलं. मी बोटानं दोनदा चाचपून पाहिलं, खोट सापडली नाही. बाईंनी तो फ्रेमला लावला, बोल्ट आवळले, ब्रेक दाबून पाहिला, हँडल दोन्हीकडे फिरवलं. मग सगळे बोल्ट सोडवून गार्ड अर्धा इंच पुढे घेतला. मी नुसता पाने पुरवत होतो.

"झालं ना? शकु, पिशवी आण."

"थांबा." बाईंनी पेट्रोलचा कॉक बंद केला. गाडीशेजारी खाली बसल्या, लुगडं सावरलं, आणि गाडी चालवणाऱ्याचा पाय जिथं येतो बरोबर तिथं आपला पाय लांब केला.

"पाडा."

"काय?"

"गाडी पाडा म्हनते, माझ्या पायावर."

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी सासूवर चक्क ओरडलो.

"आई, ऊठ गं!" शकु रडायलाच लागली.

"तू गप. तुझा पाय जायाच्या आदी माझा जाऊ दे. पाडा, जावईबापू!"

दीडशे किलोचं धूड मी तिरकं केलं. हात सोडवेनात. सरळ केलं, पुन्हा तिरकं केलं. माझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि बाई शांतपणे पाइपाच्या जोडाकडे बघत होत्या.

"सोडा की!"

सोडली.

धाडकन आवाज झाला. गार्ड फरशीवर टेकला आणि गाडी त्याच्यावर तशीच कलंडून राहिली. खाली पाय शाबूत. बाईंनी इंजिन आणि नडगीच्या मध्ये चार बोटं घालून मोजून पाहिलं, मग पाय काढून घेतला.

बाप रे! छातीची माणसं पुष्कळ पाहिलीत मी, पण स्वतःच्या हातच्या कामावर एवढा भरवसा? मी ऑफिसात कारकून, माझ्या सहीवरही मी इतका भरवसा ठेवत नाही.

गाडी उभी केली. बाई वळसा घालून पलीकडे गेल्या आणि तिथं बसायला लागल्या. गार्डला बाजू दोन असतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"उठा, आई," मी म्हणालो. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण या बाईला आई म्हणायची ती पहिलीच वेळ. "इकडं मी बसतो. तुम्ही पाडा."

मी पाय लांब केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बाईंनी गाडी धरली आणि एकदाही न थांबता सोडून दिली.

डोळे उघडले तेव्हा पायाला ओरखडासुद्धा नव्हता. शकु पिशवी घेऊन उभी होती, आणि आई माझ्या पायाकडे ढुंकूनही न बघता गार्डला कुठे पोचा आलाय का ते बघत होत्या.