दहावी चौकट

खेकड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं उभ्याने काम केलेली मार्लिस हॉवलंड कारखाना बंद पडल्यावर, सत्तेचाळिसाव्या वर्षी, कम्युनिटी कॉलेजात दाखल झाली. तिची थोरली बहीण व्हर्ना म्हणाली, "नातवंडांना शाळेत सोडायच्या वयात तू स्वतःच चाललीस होय! डबा कोण बांधून देणार?"

"तूच दे. चीज जरा सढळ हाताने घाल," मार्लिस म्हणाली.

ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचं ते कॉलेज एका जागी नव्हतंच. गणिताचा वर्ग टेकडीवरच्या आवारात, रसायनशास्त्र नदीपलीकडे, आणि खाडीतल्या जीवांचा वर्ग पार उत्तरेला, खाजणाच्या काठावर. मार्लिस बसने तिन्ही गावं पालथी घालायची. पहिल्या महिन्यात जीव मेटाकुटीला आला, पण मग त्याचीच गोडी लागली. टेकडीवरच्या वर्गामागे स्प्रूसच्या दाट झाडीतून एक पायवाट होती. एकदा तिथे एल्क हरणांचा कळप वाट अडवून उभा राहिला. तिची बस चुकली, पण तिला तिळभरही वाईट वाटलं नाही. सारा जन्म याच किनाऱ्यावर गेला होता, आणि दिवस मात्र बिनखिडक्यांच्या शेडमध्ये. गणितात ती दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली.

आता खाडीच्या विषयाची परीक्षा उरली होती. ओहोटीला खाजणात उतरायचं, आखून दिलेल्या दहा चौकटींतले शिंपले मोजायचे आणि आकडे तक्त्यात मांडून द्यायचे. नेमकी त्याच दिवशी रस्त्यावर दरड कोसळली. बस दोन तास अडकली. मार्लिस धापा टाकत पोचली तेव्हा खाजण पाण्याने भरलं होतं आणि शिक्षिका, मिस टॅलिस, नळाखाली बूट धूत होत्या.

"समुद्राला आपलं वेळापत्रक कळत नाही हो," त्या म्हणाल्या.

"पण उद्या ओहोटी आहेच की!"

"आहे, सकाळी नऊला. पण मी उद्या दक्षिणेच्या आवारात शिकवतेय. आणि चिखलात एकटीने उतरायचं नाही, हा नियम. कोणी सोबत येणार असेल तर जा."

मार्लिसने तिथूनच व्हर्नाला फोन लावला.

"मी? चिखलात? गुडघे काय तुझा बाप देणार?" व्हर्ना कडाडली.

"माझा बाप तोच तुझा. आठला गाडी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी व्हर्ना आली. तोंडाचा पट्टा चालूच होता. मार्लिस गुडघ्यांवर बसून चिखल उपसायची, आकडा सांगायची. व्हर्ना वहीत लिहायची. चौथ्या चौकटीपाशी व्हर्नाचा बूट चिखलात असा रुतला की पाय वर आला, बूट आतच. दोघी हसून हसून बेजार झाल्या. बूट उपटण्यात वीस मिनिटं गेली. नऊ चौकटी झाल्या आणि भरतीचं पाणी दहावीवर चढलं.

"लिही बारा," व्हर्ना म्हणाली. "सगळीकडे दहा-बारा तर निघतायत. कोण बघायला येणारे?"

"लिही, मोजली नाही. पाणी आलं."

"वेडी आहेस."

"असेन. लिही."

दुपारी मिस टॅलिसना तिने फोनवर खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "नऊवरही मी तुम्हाला पास करते. पुरे झालं."

"मला पुरे नाही झालं," मार्लिस म्हणाली. "उद्या ओहोटी पावणेदहाला आहे. मी जाणार."

व्हर्नाने कपाळाला हात लावला. पण सकाळी गाडीत मार्लिसच्या आधी तीच बसलेली होती. या खेपेला तिने बूट घोट्यापाशी दोरीने करकचून बांधले होते.

खाजणावर धुकं विरळ होत होतं. दूर पाण्याच्या रेषेवर बगळा निश्चल उभा. मार्लिस थेट दहाव्या चौकटीशी गेली, बाह्या सारल्या आणि हात कोपरापर्यंत थंड चिखलात घातला. एकेक शिंपला काढून, मोजून, पुन्हा जागच्या जागी पुरला.

"किती?" व्हर्नाने पेन्सिल सरसावली.

"चार."

"चारच? अगं, आपण बारा लिहिणार होतो!"

"हो ना," मार्लिस म्हणाली आणि चिखलाच्या हातानेच व्हर्नाने बांधून आणलेला डबा उघडू लागली. भरती यायला अजून तासभर होता.