त्या सोमवारची कानबाई

“वहिनी, कानबाई मोठी शे का ती सभा मोठी शे?”

शालिग्रामभाऊ, माझे धाकटे दीर, चपला न काढताच दारात उभे राहून विचारत होते. मी नैवेद्याच्या रोटांसाठी गहू पाखडत होते.

“दोन्ही मोठ्या शेतस, भाऊ. आत तर या.”

“मंग सोमवारले कानबाई कोन उचली, ते सांगा पहिले.”

आम्ही खानदेशची माणसं. सुरतेला येऊन जन्म गेला, पण श्रावणातली कानबाई सुटली नाही. रविवारी ही देवी नारळाच्या रूपात बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी तिला तापीवर निरोप द्यायचा. आमच्या सगळ्या भावकीत कानबाई एकच. ती घरी बसवायचा आणि डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचा मान आमच्या घराचा. सासूबाईंनी तो मला दिला. माझे मालक गेल्यावर मी तो माझ्या सुनेला, वर्षाला दिला.

आणि नेमका त्याच सोमवारी वर्षाच्या कॉलेजात कार्यक्रम आला. देशोदेशीचे गणितवाले जमणार होते. पाणी, हवा कशी वाहते ते संगणकावर मांडणारे लोक. वर्षाचं काम तापीच्या पुराचं. धरणातून इतकं पाणी सुटलं तर कुठल्या गल्लीत आधी चढेल, हे ती गणितानं काढते. मागच्या खेपेला ती बाळंतीण होती, तेव्हा तिचं काम दुसऱ्यानंच उभं राहून वाचलं. या वेळी ती स्वतः बोलणार होती. पाहुणे सोमवारी संध्याकाळीच परतणार, म्हणून वेळ बदलत नव्हती.

“पानी काय इले इचारीसन चढस का?” भाऊ म्हणाले.

स्वयंपाकघरातून वर्षा बाहेर आली. हात पिठाचे. “काका, मी नाही जात. सर वाचतील माझं. चालेल.”

‘चालेल’ म्हणताना तिचा आवाज इतका सरळ होता, की मलाच ऐकवेना. माझा मुलगा योगेश खाली मान घालून मोबाईल बघत बसला होता. आई आणि बायको समोर असल्या, की त्याला मोबाईलमध्ये फार काम निघतं.

“तू जाय,” मी म्हटलं. “पोरले मी सांभाळस. योगेश आठे आरतीले राही. कानबाई दिपाली उचली.”

दिपाली ही भाऊंची सून. भाऊ हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, एक डाव हात बदलना म्हनजे बदलना. पुढला साले मांगू नका.”

“नही मांगाऊत,” मी म्हटलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

सोमवारी वर्षा आणि मी नातीला घेऊन भेस्तानच्या घरून रिक्षानं कॉलेजात गेलो. सभागृहात एसीचा गारठा. गळ्यात मलाही एक कार्ड अडकवलं. शेजारी पोर्तुगालची एक उंच बाई बसली होती. तिनं नातीला आपला चष्मा खेळायला दिला. नातीनं तो चावला. बाई हसली, मीही हसले. आमचं बोलणं तेवढंच, पण बरं चाललं होतं.

वर्षा बोलायला उभी राहिली आणि नातीनं भोकाड पसरलं. दात येत होते बिचारीला. पुढच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले, तशी मी तिला घेऊन बाहेर आले. दार काचेचं होतं. आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

तेवढ्यात योगेशचा फोन. मागे ढोल वाजत होता.

“आई, निघतोय आम्ही. काका म्हणतायत, तू येत असशील तर थांबू थोडं.”

भाऊंनी असं म्हणावं, हे मला खरं वाटेना.

“नका थांबू. देवीला उन्हात उभं ठेवू नये. निघा.”

आत पडद्यावर सुरत दिसत होती, वरून पाहिल्यासारखी. नदी निळी. निळा रंग काठावरून सांडला आणि वेडरोडकडे सरकू लागला. तिथे आमची खोली होती, मालक लूमवर, यंत्रमागावर, कामाला होते तेव्हाची. दोन हजार सहाच्या पुरात ऐन निरोपाच्या दिवशी पाणी चढलं. आम्ही कानबाईला घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. नदीवर जाणार कसं? मालक म्हणाले, “तापीच दारशी उनी, आते जावानं कथं?” मी जिन्याच्या चार पायऱ्या उतरले आणि कानबाईला तिथेच पाण्यात सोडलं. ती भिंतीला एकदा लागली, वळली आणि गल्लीच्या तोंडाकडे निघून गेली. नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघं त्या पायरीवर बसून होतो.

पडद्यावर निळा रंग गल्लीच्या तोंडाशी आला. लोक टाळ्या वाजवताना दिसले. नात माझ्या खांद्यावर झोपली होती.

वर्षा बाहेर आली ती घामेजलेली, त्या गारठ्यातही. “आई, ऐकलंत?”

“तुन्ही पोरनी ऐकू दिधं कथं? पन दखं मी.”

“काय दिसलं?”

“आपली गल्ली.”

ती झोपलेल्या पोरीचे पाय उगाच सारखे करत राहिली.

घरी आलो तेव्हा कानबाईचा चौरंग रिकामा होता. खाली झेंडूच्या पाकळ्या आणि वर सांडलेलं कुंकू. थोड्या वेळानं दिपाली आली. हातात कानबाईच्या नथीची डबी, डोक्यावरचे केस चुंबळीनं चप्पट बसलेले.

“मोठ्या आई, नथ पुसून आणली. ठेवून द्या तुमच्या कपाटात.” जड मनानं बोलावं तशी ती बोलत होती, पण तिचा चेहरा ऐकत नव्हता. इतकी वर्षं ती मागून टाळ्या वाजवत चालत आली होती. आज पहिल्यांदा पुढे होती. डोक्यावर देवी घेऊन ढोलामागे चालताना काय होतं, ते मला ठाऊक आहे.

मी डबी तिच्या मुठीत परत बंद केली. “राहू दे तुझ्याकडेच.”

तिनं चटकन वर्षाकडे बघितलं.

“डोकं ठणकत असेल ना?” वर्षा म्हणाली. “पहिल्या वेळी फार ठणकतं. बस, तेल लावते.”

दिपाली उंबऱ्याशी बसली. वर्षा तिच्या मागे बसून तेल चोळू लागली. गळ्यातलं कार्ड काढायचं ती विसरली होती, ते सारखं दिपालीच्या पाठीवर आपटत होतं. दोघी कशावरून तरी गुजरातीत हसत होत्या.

मी चौरंगावरचं कुंकू पुसलं. कपडा ओला करून पुन्हा एकदा पुसलं. मग भाऊंच्या घरी न्यायला चौरंग दाराशी काढून ठेवला.