सासऱ्यांच्या घशाखाली उतरेल असं काही

परदेशात, लेमिंग्टनला येऊन हालिनाला आठ महिने झाले होते. टोमॅटोच्या काचघरात तिला काम मिळालं होतं, नवरा तिकडे युक्रेनमध्ये आघाडीवर होता, आणि एका तळघरातल्या दोन खोल्यांत ती आणि सासरे यारोस्लाव अशी दोघंच राहत होती. फेब्रुवारीत म्हाताऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. दोन-चार शब्द तेवढे उरले. ताट समोर आलं की ते मान फिरवत आणि म्हणत, "पांढरं."

पांढरं म्हणजे काय, ते हालिनाला लगेच कळलं. गावी त्यांची न्याहारी ठरलेली असे. आंबलेलं दूध मंद आचेवर फाडायचं, फडक्यात टांगायचं आणि तो मऊ भुसभुशीत चोथा वर आंबट साय घालून खायचा. पण इथे तो आणायचा कुठून?

दुकानातल्या दुधाच्या कपाटापुढे ती फोन धरून एकेका डब्यावरचं नाव वाचत उभी राही. कॉटेज चीज आणलं, तर खारट पाण्यात बुडालेले रबरी दाणे निघाले. सासऱ्यांनी थुंकून टाकले. क्रीम चीज टाळूला चिकटलं. साधं म्हणून उचललेलं दही व्हॅनिलाचं निघालं. शेवटी तिने पिशवीतलं दूध पातेल्यात ओतलं आणि तिची आई ठेवायची तसं नुसतं झाकून ठेवलं. चार दिवसांनी ते आंबलं नाही, सडलं. कडवट वास दोन्ही खोल्यांत भरला. पातेलं रिकामं करताना तिला रडू आलं. चाळीस वर्षांची बाई मी, आणि मला धड दूधही नासवता येत नाही!

काचघरात शेजारच्या ओळीत आगाथा डिक ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची बाई काम करायची. तिचे पणजोबा हालिनाच्याच मुलुखातून इकडे आलेले. तेवढ्या नात्यावर ती हालिनाला हक्काने टोमणे मारी. दुधाची कथा ऐकून ती हसली.

"अगं, इथलं दूध तापवून मारलेलं असतं. मेलेलं आपोआप कसं आंबेल? विरजण लाव की."

"विरजण कुठून आणू?"

"ताकाचा डबा मिळतो ना? मी धिरड्यांत घालते, तू दुधात घाल. आणि रात्रभर ओव्हनमध्ये ठेव. नुसता आतला दिवा लाव हो, तेवढी ऊब पुरते, भट्टी नको पेटवूस."

रविवारी सकाळी दूध घट्ट विरजलं होतं. हालिनाने ते फाडलं, उशीच्या अभ्र्यात बांधून नळाला टांगलं. दुपारी सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि डाव्या हाताने वाटीच ओढून घेतली.

तीन आठवडे असे बरे गेले. मग त्यांना जेवताना ठसका लागू लागला आणि एके दिवशी ताप चढला. घास श्वासनलिकेत उतरत होते, छाती भरली होती. रुग्णालयात गिळण्याची तपासणी करणाऱ्या नोएल नावाच्या मुलीने विचारलं, ते खातात काय? हालिनाने डबा उघडून दाखवला, जरा अभिमानानेच.

"हे बंद करा," नोएल हलक्या आवाजात म्हणाली. "याचे कण घशात मागे राहतात. एकदम गुळगुळीत असेल तेच द्या. व्हॅनिलाचं दही चालेल."

"ते खात नाहीत हो."

"कळतंय मला. पण पुन्हा छाती भरली तर त्यांना झेपणार नाही."

रागवायचं तरी कुणावर? मुलगी खरं तेच सांगत होती. नवऱ्याचा फोन नऊ दिवस लागला नव्हता. लागला असता तरी तो बिचारा तिथून काय सांगणार होता?

सासरे घरी आल्यावर हालिनाने चोथा साय घालून मिक्सरमध्ये फिरवला, दोनदा चाळणीतून घासला. असाच वाटलेला चोथा तिने आधी रुग्णालयात नेऊन दाखवला होता आणि नोएलने चालेल म्हटलं होतं. खळीसारखा गुळगुळीत झाला होता. सासऱ्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, जिभेवर घोळवलं आणि डाव्या हाताने वाटी हळूच बाजूला सारली.

"तेच आहे, बाबा," हालिना म्हणाली. "मीच केलंय. खा ना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. औषध घ्यावं तसे ते डोळे मिटून एकेक चमचा गिळत राहिले, आणि ती भरवत राहिली.