मुकादमीणची धार आणि माझा संशय

“बाबा, आजारी गाईचं दूध तुम्ही शाळेच्या कॅनमध्ये ओतता का?”

हे विचारूनच दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती आणि आमच्या पोरीने ते भर जेवणात विचारलं. आईचा डाव आमटीतच थांबला.

“घ्या, वकीलबाईंची उलटतपासणी सुरू,” बाबा म्हणाले. “मुकादमीणची कास सुजलीय, तिला अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू आहे. तिचं दूध वेगळ्या बादलीत काढतो आणि खड्ड्यात ओततो. अजून काही?”

मित्रांनो, हे सगळं मी दप्तराच्या कप्प्यातून ऐकत होते. मी एक जुनी सेन्सरची पट्टी आहे, बोटाएवढी. आधीच सांगून ठेवते, माझा कोणावरही विश्वास नाही. मला घडवलंच त्यासाठी.

पोरीची मावशी प्रयोगशाळेत असते. तिने एक पांढरी भुकटी भट्टीत भाजली. तिचे कण इतके बारीक, की पिठाचा कण त्यांच्यापुढे डोंगर. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण म्हणतात त्यांना. त्यांचा लेप माझ्या काळ्या टोकावर वाळवला. दुधात अँटिबायोटिकचा अंश असला की तो या लेपाला चिकटतो, माझ्यातून वाहणारी वीज बदलते आणि मावशीच्या छोट्या यंत्रावर रेघ टेकडीसारखी उठते. अंश नसला की रेघ आडवी पडून राहते. एके काळी मावशी मला येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवायची. मग नव्या पट्ट्या आल्या आणि मी खणात गेले, सुकलेल्या पेनांच्या शेजारी.

पोरीने मला तिथून मागून आणलं, कारण वर्गातल्या चष्मेवालीला एक अँटिबायोटिक सोसत नाही आणि शाळेतलं दूध पिऊन तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. ते दूध पोरीच्या गोठ्यातलं.

“दर वेळी पट्टी धुऊन आधी स्वच्छ द्रावणात बुडव,” मावशीने बजावलं होतं. “तिच्यावरसुद्धा संशय घे.” मला ती बाई तेव्हाच पटली.

सकाळी धारा झाल्या. पोरीने कॅनमधलं दूध द्रावणात मिसळून मला बुडवलं. टेकडी उठली.

“जुनी झालीय ती, काहीही सांगते,” बाबा म्हणाले.

मला झोंबलं, पण पोरीने मला धुतलं आणि स्वच्छ द्रावणात बुडवलं. रेघ आडवी. म्हणजे मी खोटी नव्हते. आता बाबांवर संशय घ्यायचा होता.

तरी ती थांबली नाही. बाकीच्या प्रत्येक गाईच्या कासेतून तिने हाताने थोडं थोडं दूध काढलं. सगळ्या रेघा आडव्या. मुकादमीणची बादली कोपऱ्यात वेगळी, भरलेली. बाबा खरं बोलत होते आणि कॅनही खरं बोलत होता. असं कसं?

“बाबा, पहिली धार कोणाची काढली?”

“मुकादमीणची, नेहमीसारखी. तिच्याआधी दुसरीला हात लावला तर गोठा डोक्यावर घेते ती.”

“आणि मग?”

“मग यंत्राची बादली काढली, कॅन लावला, पुढची गाय.”

“नळी धुतली?”

बाबांनी मागे वळून पाहिलं. धारा काढायच्या यंत्राची नळी खिळ्यावर लटकत होती. पोरीने नळीच्या वाकात साचलेलं दूध निथळून घेतलं आणि मला बुडवलं. इतकी उंच टेकडी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

“बादली वेगळी केली की झालं, असं वाटलं गं,” बाबा हळूच म्हणाले.

“आता गाजावाजा नको,” आई म्हणाली. “उद्यापासून मुकादमीणला शेवटी घेऊ. कोणाला कळतंय?”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पट्टीला धुऊन, कोरडी करून, डबीत ठेवा. आणि घरातल्या माणसांवर संशय आला तर तो मनात कुजवू नका, विचारून टाका. पोरीने मला तसंच पुसलं, डबी बंद केली. आतून मला फक्त तिचा आवाज आला.

“आई, आजचा कॅन खड्ड्यात जाईल. आणि मी शाळेत चाललेय, चष्मेवालीला सांगायला, की ते औषध आमच्याकडूनच आलं. बाबा, तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?”